रोबोटच्या मदतीने खुबा बदलणं: सर्जनचा हात कसा बसतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोबोटचं नाव निघालं की रुग्ण विचारतात, "म्हणजे डॉक्टर नसणारच का?" आणि तरुण सर्जन विचारतात, "किती केसेस केल्या की जमतं?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका आकड्यात द्यायची घाई सगळ्यांनाच असते. तो आकडा खाली दिला आहे, पण त्यावर थांबू नये अशी कळकळीची विनंती आहे.

शस्त्रक्रिया रोबोट करतो की सर्जन?

सर्जनच करतो. चीर तो घालतो, स्नायू बाजूला तो करतो, सांधा निखळवतो आणि मांडीच्या हाडाचा झिजलेला गोळा कापून काढतो. मग कमरेच्या हाडातली उखळी, म्हणजे ज्या वाटीत तो गोळा फिरत असतो ती जागा, खरवडून तिथे धातूचा कप बसवायचा असतो. रोबोटचं काम इथे सुरू होतं. आज जास्त प्रचलित असलेल्या यंत्रांत सर्जनचा हात आणि रोबोटचा बाहू एकाच अवजारावर असतात. रीमर, म्हणजे उखळी खरवडायचं अवजार, सर्जन चालवतो. बाहू तो ठरलेल्या कोनात धरून ठेवतो, आणि आखलेली हद्द ओलांडायला गेलं की अडवतो. कप ठोकून बसवतानाही दिशा तोच धरतो.

मांडीच्या हाडाची पोकळी तयार करून तिच्यात स्टेम, म्हणजे नवा गोळा ज्यावर बसतो तो दांडा, बसवणं मात्र या यंत्रांवरही साधारणपणे हातानेच होतं. 'रोबोटिक' म्हटल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेचा मोठा भाग अशा रीतीने जुन्याच कौशल्यावर उभा असतो.

यंत्रच कोन धरणार असेल, तर सर्जनने शिकायचं काय?

बाहू चालवणं हा यातला सर्वांत सोपा भाग. काही केसेसमध्ये तो अंगवळणी पडतो. खरं शिक्षण त्याच्या आधीच्या तीन टप्प्यांत आहे.

पहिला टप्पा आराखड्याचा. सीटी स्कॅनवरून रुग्णाच्या हाडांचं त्रिमितीय चित्र तयार होतं आणि त्यावर कप कोणत्या मापाचा, किती खोल, किती कललेला, पुढे किती वळलेला हे आधीच ठरवलं जातं. पाय किती लांब होईल, सांध्याचं केंद्र कुठे येईल, हेही पडद्यावर दिसतं. कंपनीचा तंत्रज्ञ प्राथमिक आराखडा करून देतो. नवखा सर्जन तो बघून मान डोलावतो. मुरलेला सर्जन कप एखाद-दोन मिलिमीटर आत सरकवून बघतो, पुढच्या कडेला कप हाडाबाहेर डोकावतोय का ते तपासतो (तिथून जाणारा स्नायू त्यावर घासला तर जांघेत दुखत राहतं) आणि मग होकार देतो. सीटीवरच्या खुणेच्या जागा नीट लागल्या आहेत का, हेही तोच पाहतो. त्या खुणा चुकल्या तर पुढचं सगळं अचूक गणित चुकीच्या पायावर उभं राहतं.

दुसरा टप्पा पिना बसवण्याचा. कमरेच्या हाडाच्या कडेत पिना घालून त्यांवर परावर्तक गोळे असलेली चौकट लावतात. थिएटरमधला इन्फ्रारेड कॅमेरा तिच्यावरून हाड कुठे आहे ते ओळखतो. हाड ठिसूळ असेल, रुग्ण स्थूल असेल, तर या पिना घट्ट बसवणं हीच एक कला होते.

तिसरा टप्पा रजिस्ट्रेशनचा. त्याला स्वतंत्र प्रश्नच द्यायला हवा.

रजिस्ट्रेशन म्हणजे काय, आणि त्याची एवढी चर्चा का?

संगणकाकडे सीटीमधलं हाड आहे, टेबलावर खरं हाड आहे. दोन्ही एकच आहेत हे संगणकाला पटवून देणं म्हणजे रजिस्ट्रेशन. सर्जन टोकदार प्रोबने उखळीच्या आत आणि कडेवर एकेक ठिपका टेकवत जातो. असे तीसेक ठिपके घेतले की संगणक ते सीटीवरच्या आकाराशी जुळवतो, आणि मग आणखी काही ठिपके घेऊन जुळणी खरी आहे का ते पडताळतो.

ऐकायला सोपं वाटतं. पण प्रोबचं टोक हाडावर आहे की उरलेल्या कूर्चेवर? कूर्चा सीटीत हाडासारखी दिसत नाही. तिच्यावर टेकवलेला ठिपका हाडापासून एखाद-दोन मिलिमीटर वर राहतो. कडेला वाढलेल्या हाडाच्या टोकांवर ठिपका घेतला का? सगळे ठिपके एकाच कोपऱ्यात दाटले का? ते दूरदूर पसरलेले असावे लागतात, नाहीतर पडद्यावर आकडा चांगला दिसतो आणि जुळणी मात्र किंचित फिरलेली असते. याची भीती वाटायला हवी, कारण यंत्र इथे ओरडत नाही. चुकीच्या जुळणीवरही ते तितक्याच आत्मविश्वासाने, तितक्याच अचूकपणे काम करतं.

म्हणून कुशल सर्जन जुळणी जमल्याचं सांगणाऱ्या पडद्यावरच्या हिरव्या रंगावर विसंबत नाही. प्रोब ओळखीच्या जागी, समजा उखळीच्या तळाशी, टेकवून पडद्यावरही तो तिथेच दिसतो का, हे तो पुन्हा पुन्हा बघतो. हाडात बसवलेल्या छोट्या खुणेच्या स्क्रूला प्रोब लावून पिना मध्येच हलल्या नाहीत ना, याची खात्री करतो. सहायकाचा कोपर चौकटीला लागला, एवढं निमित्तही पुरेसं असतं. रोबोटिक सर्जरीत प्रावीण्य म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी या संशयी सवयीकडे बोट दाखवेन.

किती केसेसनंतर हात बसतो?

आता तो आकडा. लंडनमधल्या सर्जनांच्या गटाने केलेल्या अभ्यासात पहिल्या १२ केसेसनंतर शस्त्रक्रियेचा वेळ खाली आला आणि टीमचा आत्मविश्वासही तिथेच स्थिरावला. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की कप ठरल्या जागी बसण्याची अचूकता पहिल्या केसपासूनच सारखी होती.

पण २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाचं चित्र थोडं वेगळं आहे. त्यात एकाच सर्जनच्या पहिल्या १०५ रोबोटिक केसेस ३५-३५ च्या तीन गटांत पाहिल्या. अनुभवाबरोबर वेळ तर कमी झालाच, शिवाय कप अपेक्षित कक्षेबाहेर जाण्याचं प्रमाणही घटलं. म्हणजे शिकणं डझनभर केसेसवर संपत नाही.

दोन अभ्यासांत विसंगती आहे असं मला वाटत नाही. 'ठरवल्याप्रमाणे बसला का' आणि 'बसायला हवा तिथे बसला का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर यंत्र लवकर देतं, दुसऱ्याला सर्जन लागतो.

हा लर्निंग कर्व्ह, म्हणजे शिकण्याचा आलेख, मोजतात कसा?

मूळ कल्पना वैद्यकातली नाहीच. १९३६ मध्ये टी. पी. राइट या अभियंत्याने विमानांच्या कारखान्यात पाहिलं की एकूण विमानांची संख्या दुप्पट झाली की दर विमानामागचे श्रम ठरावीक प्रमाणात घटतात. सर्जरीत आज बहुधा क्यूसम नावाची पद्धत वापरतात. तीही कारखान्यातूनच आली, मालाचा दर्जा घसरू लागला की लगेच कळावं म्हणून १९५४ मध्ये मांडली गेली. प्रत्येक केसचा वेळ किंवा चूक अपेक्षित आकड्यापेक्षा किती जास्त-कमी आहे ते घेऊन बेरीज करत जायचं. आलेख चढत असेल तर सर्जन अजून शिकतो आहे, सपाट झाला की स्थिरावला, उतरू लागला की सुधारतो आहे.

नव्या सर्जनने स्वतःच्या केसेसचा असा आलेख ठेवावा. वही आणि पेन्सिल पुरते.

वेळ कमी झाला म्हणजे सर्जन तयार झाला, असं समजायचं का?

नाही. वेळ मोजायला सोपा, म्हणून सगळे तोच मोजतात. घड्याळ भिंतीवरच असतं.

काही वेळा तर वेळ वाढणं हे शहाणपणाचं लक्षण असतं. रजिस्ट्रेशन मनासारखं झालं नाही म्हणून पुन्हा घेतलं, तर पाच-सात मिनिटं जातात आणि आलेख बिघडतो. रुग्णाचं मात्र भलं होतं. फक्त वेळेवर नजर ठेवणारा विभाग आपल्या तरुण सर्जनांना नकळत हीच पाच मिनिटं वाचवायला शिकवतो.

वेळेच्या जोडीला काय बघावं? शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीत कपचे कोन आराखड्याशी किती जुळले, पायांच्या लांबीत किती फरक राहिला, रजिस्ट्रेशन किती वेळा पुन्हा करावं लागलं, यंत्र सोडून हाताने पूर्ण करायची वेळ किती वेळा आली आणि का आली. खुबा निखळणं, संसर्ग, पिनांच्या जागी दुखणं हे तर पाहायलाच हवं.

कपचे 'बरोबर' कोन कुणी ठरवले? ते सगळ्यांना लागू पडतात का?

१९७८ मध्ये ल्युइनेक आणि सहकाऱ्यांनी 'सुरक्षित कक्षा' मांडली. कपचा कल ४० अंश, पुढचं वळण १५ अंश आणि दोन्हींत १० अंशांची मुभा. पुढची कित्येक वर्षं सर्जन याच चौकटीत कप बसवायला शिकले. रोबोटची पहिली मोठी बढाईही याच मोजपट्टीवर होती. २०१४ च्या एका तुलनेत ५० रोबोटिक केसेसपैकी सगळ्या या कक्षेत बसल्या, तर हाताने केलेल्या ५० पैकी ८० टक्के.

पण २०१६ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने निखळलेले २०६ खुबे तपासले, तेव्हा त्यांतल्या ५८ टक्क्यांचे कप सुरक्षित कक्षेतच होते.

या आकड्याने बऱ्याच जणांची झोप उडवली, आणि ते योग्यच झालं. कारण माणूस झोपलेल्या स्थितीत जगत नाही. उभं राहताना, बसताना कमरेचं हाड मागे-पुढे झुकतं. ते एक अंश झुकलं की कपचं पुढचं वळण साधारण ०.७ अंशाने बदलतं. उभ्याचं बसलं की निरोगी माणसाचं कमरेचं हाड वीसेक अंश मागे झुकतं आणि कपचं तोंड त्यासोबत उघडतं. ज्याच्या पाठीचे मणके जोडलेले किंवा आखडलेले आहेत त्याचं कमरेचं हाड तसं झुकतच नाही. मग बसताना मांडी कपच्या पुढच्या कडेवर अडते आणि गोळा मागून निसटू शकतो. अशा रुग्णाला ४० आणि १५ हा पाठ केलेला आकडा देणं म्हणजे चुकीची गोष्ट अत्यंत अचूकपणे करणं. म्हणून बसून आणि उभं राहून बाजूने काढलेले एक्स-रे वाचायला शिकणं हा रोबोटिक प्रशिक्षणाचा भाग असायला हवा. ज्या कोर्समध्ये तो नाही, तो कोर्स यंत्र चालवायला शिकवतो, खुबा बसवायला नाही.

स्टेमही विसरून चालत नाही. तो मांडीच्या हाडात कितपत वळलेला बसेल हे बऱ्याच अंशी त्या हाडाच्या घडणीवर ठरतं. कपचं आणि स्टेमचं वळण मिळून साधारण २५ ते ५० अंशांत यावं असा प्रयत्न असतो. काही सर्जन म्हणूनच आधी मांडीचं हाड तयार करतात, स्टेम कसा बसतोय ते बघतात आणि त्याप्रमाणे कपचा आराखडा जागच्या जागी बदलतात. आराखडा बदलायचं धाडस आणि तो कधी बदलू नये याची समज, दोन्ही उशिरा येतात.

प्रशिक्षण कोणत्या क्रमाने होतं?

साधारणपणे आधी यंत्राची माहिती आणि सॉफ्टवेअरवर आराखडे करण्याचा सराव. मग प्लास्टिकच्या हाडांवर, मग मृतदेहावर पूर्ण शस्त्रक्रिया. त्यानंतर अनुभवी सर्जनच्या थिएटरमध्ये प्रत्यक्ष पाहणं, आणि शेवटी स्वतःच्या पहिल्या काही केसेस प्रॉक्टरच्या, म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या जाणत्या सर्जनच्या देखरेखीखाली. किती केसेस झाल्या की परवानगी द्यायची, याचा जगभर एकच नियम नाही.

माझा आग्रह आराखड्यांच्या सरावावर आहे. जुन्या केसेसचे सीटी घेऊन पन्नासेक आराखडे स्वतः करावेत, नंतर ते अनुभवी सर्जनच्या आराखड्यांशी ताडून बघावेत. यात कुठल्याही रुग्णाला काडीचाही धोका नाही, आणि नजर तयार होते ती इथेच. तरीही या टप्प्याला लोक सर्वांत कमी वेळ देतात.

आधी हाताने शस्त्रक्रिया शिकावी की थेट रोबोटवर?

आधी हाताने. यावर मतभेद आहेत, नवी पिढी थेट यंत्रावर शिकेल असं म्हणणारे जाणकारही आहेत. पण उखळी खरवडताना हाड कसं लागतंय, रक्ताळलेला जिवंत थर आला का, कप ठोकताना आवाज बदलला का, या गोष्टी पडद्यावर दिसत नाहीत. यंत्र अडलं तर याच ज्ञानावर शस्त्रक्रिया पूर्ण करावी लागते.

एका बाबतीत मात्र रोबोट चांगला शिक्षक आहे. रेसिडेंटला, म्हणजे शिकाऊ सर्जनला, आधी नुसत्या नजरेने कप धरायला सांगावा, 'किती कल आहे? किती वळण?' असं विचारावं, आणि मग पडद्यावरचा आकडा दाखवावा. चूक जागेवरच कळते. पूर्वी ती दुसऱ्या दिवशीच्या एक्स-रेत कळायची, कधी कळायचीही नाही.

यंत्र मध्येच बंद पडलं तर?

हाताने पूर्ण करायचं. चीर, स्नायू, सांध्याची उघडणी नेहमीचीच असते, त्यामुळे अवजारांचा जुना संच थिएटरमध्ये उघडता येईल असा तयार असला की झालं. पहिल्या काही केसेसआधी टीमने याची रंगीत तालीम करावी.

टीमलाही शिकावं लागतं का?

टीमचं शिकणं सर्जनच्या शिकण्याइतकंच महत्त्वाचं आहे. बाहू टेबलाच्या कुठल्या बाजूला, कॅमेरा कुठे, त्याच्या आणि चौकटीच्या मध्ये कोण उभं राहणार नाही, बाहूवर निर्जंतुक आवरण कसं चढवायचं, प्रोब कधी हातात द्यायचा, हे सिस्टर आणि तंत्रज्ञांना पाठ असलं की निम्मा वाया जाणारा वेळ वाचतो. सहायकाने मांडीचं हाड पुरेसं मागे खेचून धरलं नाही तर ते रीमरच्या दांड्याला ढकलतं आणि बाहूशी झटापट सुरू होते. नव्या सर्जनला वाटतं यंत्र बिघडलंय, आणि कारण असतं नीट न धरलेला एक रिट्रॅक्टर, म्हणजे हाड-मांस मागे खेचून धरायचं अवजार.

म्हणून सुरुवातीच्या केसेस शक्यतो त्याच टीमबरोबर, पाठोपाठच्या दिवसांत कराव्यात. महिन्यातून एखादी केस केली तर प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात होते.

रोबोटने खुबा बदलण्याचे जुने प्रयोग फसले होते असं ऐकलं. खरं आहे का?

बऱ्याच अंशी खरं आहे, आणि त्यातून मिळालेला धडा फार मोलाचा आहे. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो इथे रोबोडॉक हे यंत्र पहिल्यांदा माणसाच्या शस्त्रक्रियेत वापरलं गेलं, त्याआधी कुत्र्यांवर चाचण्या झाल्या होत्या. ते मांडीच्या हाडाची पोकळी स्वतःच कोरत असे आणि सर्जन बाजूला उभा राही. नव्वदच्या दशकात जर्मनीत ते खूप पसरलं.

२००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन तुलनात्मक चाचणीत ७४ पैकी १३ रोबोटिक शस्त्रक्रिया यंत्रणा अडल्यामुळे हाताने पूर्ण कराव्या लागल्या. वेळ जास्त लागला, आणि खुबा निखळण्याचं प्रमाणही रोबोटच्या गटात जास्त होतं. स्टेमची जागा आणि पायांची लांबी मात्र चांगली जुळत होती. मग बिघडलं कुठे? खुब्याला तोलून धरणाऱ्या स्नायूंना इजा झालेली आढळली. यंत्राला काम करायला जागा करून देताना मांसाची किंमत मोजली गेली होती.

हाडातली अचूकता आणि रुग्णाचं चालणं यांत एवढं अंतर असू शकतं. आजची यंत्रं वेगळी आहेत, बाहू सर्जनच्या हातात असतो. तरीही कॅमेऱ्यासाठी, बाहूसाठी चीर वाढवावीशी वाटली तर ही चाचणी आठवावी.

एका कंपनीच्या यंत्रावर शिकलेलं दुसऱ्यावर चालतं का?

विचार चालतो, हात नाही. काही यंत्रं सीटीवर चालतात, काही थिएटरमधल्या एक्स-रेवर. पडदे, पायऱ्या, खुणा वेगळ्या. प्रत्येक यंत्रासाठी देखरेखीखालच्या पहिल्या केसेस नव्याने कराव्यात.

सुरुवातीच्या केसेससाठी कोणते रुग्ण निवडावेत?

साधा झिजलेला सांधा, नेहमीची हाडं, मध्यम बांधा. जन्मतः उथळ उखळी, आधीच्या शस्त्रक्रियेचा धातू, मणके जोडलेले रुग्ण नंतर. गंमत अशी की यंत्राचा सर्वाधिक उपयोग या अवघड रुग्णांनाच होण्याची शक्यता असते, त्यामुळे उत्साहाच्या भरात सर्जन त्यांच्यापासूनच सुरुवात करतो. मोह आवरावा.

रुग्ण म्हणून मी सर्जनला काय विचारू?

थेट विचारा. तुम्ही खुबा बदलण्याच्या एकूण किती शस्त्रक्रिया केल्या आहेत, आणि त्यांतल्या रोबोटवर किती? गेल्या महिन्यात किती केल्या? यंत्र अडलं तर पुढे काय करता? माझ्या पाठीच्या मणक्यांचा विचार आराखड्यात केला आहे का? पिनांसाठी वेगळी छोटी चीर पडणार आहे का?

सर्जनची रोबोटवरची दहावी केस तुमची असेल, तर तेवढ्याने घाबरू नका. हाताने शेकडो खुबे बदललेला सर्जन, शेजारी प्रॉक्टर आणि तयार टीम असेल तर तुम्ही चांगल्या हातांत आहात. रोबोटने कप नेमका बसतो याचे पुरावे भक्कम आहेत. पण काही वर्षांनंतरचं दुखणं, चालणं आणि सांध्याचं आयुष्य यांत हाताने केलेल्या चांगल्या शस्त्रक्रियेपेक्षा मोठा फरक पडतो, असं अजून ठामपणे सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे ज्यांच्याकडे यंत्र नाही, पण वर्षानुवर्षांचा हात आहे आणि निकालांची नोंद आहे, असे सर्जन तुम्हाला भेटले तर नुसत्या यंत्रासाठी त्यांना सोडून जाऊ नका.